ओंडका टिकला, पण पिल्लू जगले का?

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, म्हणजे ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत, सॅमन या ओढ्यात जन्मून समुद्रात जाणाऱ्या आणि अंडी घालायला परतणाऱ्या माशांच्या ओढ्यांमध्ये ओंडके, मोठे दगड आणि छोटे बांध टाकून पिल्लांसाठी डोह तयार करण्याचे काम अनेक दशके चालू आहे. त्यावरचा वादही जुनाच आहे आणि तो आजही तितक्याच ढिसाळपणे घातला जातो. एक पक्ष नव्या डोहाकडे बोट दाखवतो: बघा, इथे किती पिल्ले जमली आहेत! दुसरा पक्ष पुरानंतर उखडलेल्या ओंडक्याकडे बोट दाखवतो: बघा, जनतेचा पैसा वाहून गेला! दोघांचे पुरावे खरे आहेत आणि दोघांचे निष्कर्ष कच्चे. माझे म्हणणे असे की या रचनांचा उपयोग होतो, पण सगळ्या जातींना होत नाही, सगळ्या ऋतूंत होत नाही आणि सगळ्या ओढ्यांत तर नाहीच. आणि तो झाला की नाही हे ठरवायला भरवशाचे माप एकच आहे: ओढ्याच्या मुखातून समुद्राकडे किती पिल्ले जिवंत बाहेर पडली?

पहिली गफलत सगळ्या सॅमनला एका दावणीला बांधण्याची आहे. पिंक आणि चम या जातींची पिल्ले रेतीगोट्यांतल्या घरट्यातून वर आली की फारसे न थांबता खाडीकडे निघतात; त्यांच्यासाठी वरच्या ओढ्यात डोह असला काय नि नसला काय. चिनूकची बरीच पिल्ले काही महिन्यांत नदीच्या खालच्या पट्ट्यात उतरतात. कोहो मात्र गोड्या पाण्यात बहुधा पुरे वर्ष काढतो आणि त्यात एक अख्खा हिवाळा येतो. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट, बहुतेक वेळा दोन ते तीन वर्षे ओढ्यात राहतो. रचनांचा प्रश्न मुख्यत्वे या दोघांचा आहे, आणि या दोघांच्या गरजाही सारख्या नाहीत.

कोहोच्या पिल्लाचे वर्ष नीट पाहिले तर वादातला निम्मा धुरळा बसतो. मार्च ते मेच्या सुमारास ते घरट्यातून वर येते तेव्हा जेमतेम तीन सेंटिमीटरचे असते. डोहाच्या वरच्या तोंडाशी, जिथे खळाळाचे पाणी किडे-अळ्या घेऊन आत शिरते, ती जागा सर्वांत मोलाची. थोराड पिल्ले तिथे हद्द राखतात, दुसऱ्यांना चावे घेऊन हुसकतात, आणि हरलेली पिल्ले प्रवाहाबरोबर खाली ढकलली जातात. उन्हाळाभर हे चालते. मग शरदात पाऊस लागतो, किनारपट्टीचे ओढे फुगतात आणि पाणी सात अंश सेल्सियसच्या आसपास उतरले की पिल्लाचे वागणेच पालटते. थंडीत त्याच्या अंगात वेगवान पाण्याशी झुंजण्याची ताकद उरत नाही. ते खाण्याची जागा सोडते आणि मुळांच्या जाळ्यात, ओंडक्यांच्या ढिगाखाली, बाजूच्या संथ फाट्यात किंवा बीव्हर या फांद्यांचे बांध घालून ओढा अडवणाऱ्या प्राण्याच्या तळ्यात दडते. व्हँकुव्हर बेटावरच्या कार्नेशन क्रीकमध्ये १९७० च्या दशकातच हे नोंदले गेले आहे. स्टीलहेडचे पिल्लू हिवाळ्यात मोठ्या गोट्यांच्या फटीत शिरते. बारीक गाळाने त्या फटी बुजल्या असतील तर शेजारी कितीही देखणा डोह केला तरी त्याला निवारा मिळत नाही.

आता हिशेब मांडा. समजा, एका ओढ्यात शरदाच्या सुरुवातीला दहा हजार कोहो पिल्ले आहेत आणि पुराच्या पाण्यापासून आडोसा फक्त दोन हजारांना पुरेल एवढा आहे. उन्हाळी डोह वाढवून ती संख्या पंधरा हजार केली, तरी वसंतात बाहेर पडणार दोन हजारांच्या आसपासच. ऑगस्टमध्ये मोजणाऱ्याला मात्र पन्नास टक्के वाढ दिसेल आणि तो ती प्रामाणिकपणे अहवालात लिहील! उलट, बाजूला दोन-चार शांत बगला काढून दिल्या, जिथे पूर आला तरी पाणी घुमत राहते पण ओढ नसते, तर उन्हाळ्यातली संख्या तीच राहूनही समुद्राकडे जाणारी पिल्ले दुप्पट होऊ शकतात. ज्या टप्प्यावर जागा अपुरी पडते तो टप्पा आधी शोधायचा आणि मगच यंत्रे ओढ्यात उतरवायची, हा क्रम न पाळणे हे या क्षेत्रातले सर्वांत महागडे पाप आहे.

ऑरेगॉनच्या किनारपट्टीवर हा क्रम पाळून पाहिला गेला. तिथल्या राज्य मत्स्यविभागाच्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास आधी दाखवून दिले की अनेक ओढ्यांत कोहोची अडचण हिवाळ्याची आहे. मग अल्सी आणि नेस्टुका या नद्यांच्या खोऱ्यांत प्रत्येकी एक ओढा निवडून तिथे बगलेचे डोह आणि अडवलेले डोह केले, शेजारचा एकेक ओढा तुलनेसाठी तसाच ठेवला आणि काम होण्याआधीपासून ओढ्याच्या तोंडाशी सापळे लावून बाहेर पडणारी पिल्ले मोजली. सुधारलेल्या ओढ्यांत हिवाळ्यातली तगही वाढली आणि समुद्राकडे जाणारी कोहो पिल्लेही. पश्चिम ऑरेगॉन आणि वॉशिंग्टनमधल्या ३० ओढ्यांची २००१ साली प्रसिद्ध झालेली तुलना हेच वेगळ्या बाजूने सांगते: ओंडके टाकलेल्या पट्ट्यात कोहो पिल्लांची दाटी न टाकलेल्या पट्ट्याच्या उन्हाळ्यात १.८ पट आणि हिवाळ्यात ३.२ पट होती. वर्षाहून मोठ्या स्टीलहेड आणि कटथ्रोट ट्राउटमध्ये उन्हाळ्यात फरक दिसला नाही, हिवाळ्यात १.७ पट दिसला. आणि ट्राउटची त्या वर्षीची कोवळी पिल्ले? जिथे डोहांचे क्षेत्रफळ जास्त वाढले तिथे त्यांचा प्रतिसाद उणावला, कारण त्यांना उथळ, वाहते पाणी हवे असते. एकाच ओंडक्याने तीन प्रकारच्या पिल्लांना तीन वेगळी उत्तरे दिली. मग ‘रचना चालतात का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मागणारा माणूस नेमके काय विचारतो आहे?

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आकर्षणाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा अजिबात नाही. डोहात मासे वाढले याचा अर्थ ओढ्यात मासे वाढले असा होत नाही. ते शेजारून आलेले असू शकतात. कोलोरॅडोतल्या सहा ओढ्यांत १९८० च्या दशकाअखेर ओंडक्यांचे आडवे बांध घालून आठ वर्षे ट्राउटवर नजर ठेवली, तेव्हा सुधारलेल्या पट्ट्यांत मोठे मासे खरोखर वाढले; पण त्यांची वाढ किंवा जगण्याचे प्रमाण सुधारले नव्हते, बहुतेक भर बाहेरून येणाऱ्या माशांची होती. दोन दशकांनी पाहिले तेव्हाही ती वाढ टिकून होती, म्हणजे बाहेरून आलेल्यांना तिथे राहणे परवडत होते. तरीही ओढ्याचे एकूण उत्पादन वाढले हे त्यातून सिद्ध होत नाही. २०१० मध्ये २११ प्रकल्पांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात ७३ टक्के प्रकल्पांमध्ये सॅमन-ट्राउट कुळातल्या माशांची स्थानिक दाटी वाढलेली आढळली. समर्थक हा आकडा अभिमानाने सांगतात. पण त्यातला ‘स्थानिक’ हा शब्दच विरोधकांच्या आक्षेपाचे मूळ आहे आणि तो वगळून आकडा सांगणे योग्य नाही. इतके मान्य करूनही आकर्षणाचा मुद्दा रचना निरुपयोगी ठरवत नाही; तो डोहातली मोजदाद अपुरी ठरवतो. ज्या मोजक्या ठिकाणी ओढ्याच्या मुखाशी मोजले गेले आणि हिवाळी आडोसा हीच अडचण होती, तिथे वाढ मुखाशीही दिसली. शेजारून ओढून आणलेल्या पिल्लांनी मुखाशी भर पडत नाही, कारण शेजारही त्याच मुखातून बाहेर पडतो.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. नैऋत्य ऑरेगॉन आणि नैऋत्य वॉशिंग्टनमधल्या १५ ओढ्यांतल्या १६१ रचनांची पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. दर दोन ते दहा वर्षांनी येणाऱ्या, म्हणजे तशा साध्याच पुरानंतर पूर्ण निकामी झालेल्यांचे मध्यक प्रमाण १८.५ टक्के होते आणि बिघडलेल्या धरून ६० टक्के! या आकड्याने समर्थकांची झोप उडाली आणि उडायलाच हवी होती. पुढे मोठ्या पुरांना तोंड दिलेल्या ९४ ओढ्यांतल्या ३,९४६ रचनांची तपासणी झाली, तेव्हा जागा सोडून गेलेल्या रचना वीस टक्क्यांहून कमी निघाल्या. आता दोन्ही पक्ष आपापला आकडा खिशात घेऊन हिंडतात. पण पहिल्या पाहणीत काम करते की नाही हे पाहिले होते, दुसरीत जागेवर आहे की नाही हे. या दोन गोष्टी भिन्न आहेत. गाळाने पुरती बुजलेली रचना जागेवरच असते.

आडवा बांधलेला ओंडका का फसतो हे बारकाईने पाहिले तर अडचण कुठे आहे ते कळते. ओंडक्यावरून कोसळणारे पाणी खालच्या बाजूला खड्डा करते, हवाही तोच असतो. पण वरच्या बाजूला गोटे-रेतीची भर नीट ठासली नसेल तर पाणी ओंडक्याखालून वाट काढते आणि उन्हाळ्यात वरून धार पडतच नाही. ओंडक्याची टोके काठात खोलवर गाडली नसतील तर पूर टोकाला वळसा घालून काठ कापतो, आणि रचना ओढ्याच्या मधोमध पण प्रवाहाबाहेर अशी उभी राहते. पायरी उंच झाली तर पिल्ले वर चढू शकत नाहीत. पिल्लांसाठी एका पायरीची मर्यादा १५ सेंटिमीटरच्या आसपास धरली जाते. पोलादी दोराने दगडाला बांधलेला ओंडका पाण्याच्या चढउताराबरोबर हलत राहतो, दोर लाकडाला करवतीसारखा घासतो, आणि एक दिवस ओंडका निघून जातो व दोर पाण्यात लोंबत राहतो. या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: ओढ्याला एका जागी धरून ठेवायचे. वर डोंगरउतारावर जंगल तोडलेले, रस्त्यांच्या कडा ढासळत असलेल्या आणि दर पावसात टनावारी गाळ येत असेल, तर ही कल्पना हरणारच. १९९२ च्या पाहणीतही सर्वाधिक पडझड अशाच ओढ्यांत होती.

त्यामुळे जाणकारांनी बांधणीच बदलली, आणि विरोधकांनी आपले युक्तिवादही त्याबरोबर बदलायला हवे होते. आता मुळांसकट झाड टाकतात आणि त्याची लांबी ओढा काठोकाठ भरतो तेव्हाच्या रुंदीच्या किमान दीडपट ठेवतात. मूळ नसेल तर दुप्पट. आठ मीटर रुंद ओढ्याला बारा मीटरचे मुळांसकट झाड किंवा सोळा मीटरचा नुसता ओंडका. दोर नाही, सळई नाही. झाड काठावरच्या उभ्या झाडांत अडकवतात, दोन-तीन एकमेकांत गुंततात आणि वाहून येणारा पाला-फांद्या तेच अडवतात. डग्लस फर किंवा सीडर दशकानुदशके टिकते. रेड अल्डर स्वस्तात मिळते पण काही वर्षांतच कुजते, म्हणून आधाराचे मुख्य लाकूड त्याचे नसावे. अशा ढिगातले एखादे झाड पुरात पन्नास मीटर खाली सरकून तिथे नवा डोह करते, तेव्हा त्याला ‘अपयश’ म्हणायचे का? जंगलातला ओढा हजारो वर्षे असाच चालत आला आहे.

किंबहुना या ओढ्यांत आज लाकूड टाकावे का लागते, हा प्रश्न विरोधक विचारत नाहीत याचे मला आश्चर्य वाटते. १८८० च्या दशकापासून १९५० च्या दशकापर्यंत पश्चिम ऑरेगॉनमध्ये लाकूड कंपन्या ओढ्यावर तात्पुरते धरण घालून पाणी तुंबवत आणि मग ते एकदम फोडून हजारो ओंडके खाली नेत. त्या लोंढ्यांनी कित्येक ओढे उघड्या खडकापर्यंत खरवडले गेले. त्याच्या आधी, १८२० च्या दशकात, हडसन्स बे या ब्रिटिश फरव्यापारी कंपनीने स्नेक नदीच्या प्रदेशातले बीव्हर ठरवून संपवले होते, जेणेकरून अमेरिकी शिकाऱ्यांना तिकडे यावेसे वाटू नये. बीव्हर गेले, त्यांचे बांध फुटले, तळी आटली. आणि १९५० ते १९७० च्या दशकांत खुद्द मत्स्यविभागांनीच लाकडांचे ढीग माशांची वाट अडवतात असे समजून ते उपसून काढले. ओढा मोकळा, सरळ, स्वच्छ म्हणजे चांगला, ही समजूत आपल्याकडच्या नाला खोलीकरणाच्या कामांतूनही भेटते. परिणामही तोच, पाणी वेगाने निघून जाते आणि जिवांना थांबायला जागा उरत नाही. काठावर आज लावलेले झाड पडून ओढ्यात आधार देईल एवढे व्हायला शंभरेक वर्षे लागतात. तोवर पिल्लांनी कुठे राहायचे?

बीव्हरच्या दिशेने झालेला प्रयोग मला सर्वांत आश्वासक वाटतो. ऑरेगॉनच्या कोरड्या पूर्वभागात, जॉन डे नदीच्या खोऱ्यातल्या ब्रिज क्रीकचा तळ इतका खाली कापला गेला होता की ओढा पूरमैदानापासून तुटला होता. तिथे २००९ पासून शंभराहून अधिक नकली बीव्हर-बांध घातले गेले. कृती साधी आहे: आठ-दहा सेंटिमीटर जाडीचे खांब अर्ध्या मीटरच्या अंतराने ओढ्याच्या तळात ठोकायचे, त्यांत विलोच्या फांद्या विणायच्या, तळाशी गोटे आणि चिखल ठासायचा, खालच्या अंगाला फांद्यांची गादी घालायची म्हणजे पडणारे पाणी खांब उघडे पाडत नाही. एकच बांध कधी घालायचा नाही, मालिका घालायची. एक फुटला तर त्याचा गाळ पुढचा धरतो. खऱ्या बीव्हरांनी हे बांध आपलेसे केले, डागडुजी केली आणि नवे घातले. पाण्याची पातळी चढली, बाजूचे फाटे पुन्हा वाहू लागले. तुलनेच्या ओढ्याशी पडताळता स्टीलहेड पिल्लांच्या जगण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी आणि उत्पादन १७५ टक्क्यांनी वाढले, आणि बांधांमुळे माशांचे येणे-जाणे अडले नाही. ज्या बांधांना विरोधक कच्चे म्हणून हिणवतील, त्यांनीच दोराने जखडलेल्या ओंडक्यांपेक्षा जास्त दिले.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे: ही सगळी वरवरची मलमपट्टी, खरे रोग वेगळेच. १८७५ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आयोगाचे प्रमुख स्पेन्सर बेअर्ड यांनी कोलंबिया नदीवरच्या सॅमनसाठी मासेमारीवर कायद्याने बंधने घालण्यापेक्षा कृत्रिम पैदाशीची शिफारस केली. १८७७ मध्ये क्लॅकमस नदीवर पैदास केंद्र निघाले. त्यानंतरचे शतक ‘पिल्ले कारखान्यात तयार होतातच, मग नदीची चिंता कशाला’ या भरवशावर गेले आणि धरणे उभी राहत गेली. ओंडक्यांचेही असेच होईल का, वृक्षतोड चालू ठेवून चार ओंडके टाकले की जबाबदारी संपली? ही भीती रास्त आहे. सिएटलमधल्या लाँगफेलो क्रीकचे उदाहरण तर अंगावर येते. शहराने आणि नागरिकांनी तो ओढा मनापासून सुधारला, लाकूड टाकले, झाडे लावली, कोहो परतले. आणि पावसानंतर काही तासांत पोटातल्या अंड्यांसकट गरगरत, तोंड वासून मरू लागले. डिसेंबर २०२० मध्ये कारण प्रसिद्ध झाले: टायरमधल्या रसायनापासून तयार होणारा ६पीपीडी-क्विनोन. कोहोच्या पिल्लांनाही तो मारतो. तिथे पाहिजे होता तो रस्त्याचे पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळण्याचा उपाय. असे गाळलेले पाणी कोहोला मारत नाही हे प्रयोगांनी दाखवले आहे. तसेच रस्त्याखालच्या मोऱ्यांचे. वॉशिंग्टन राज्याने माशांना अडवणाऱ्या मोऱ्या बदलाव्यात हा आदिवासी जमातींच्या बाजूचा निकाल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार मतांनी कायम राहिला. बंद मोरीच्या वर कितीही सुंदर डोह केले तरी तिथे अंडी घालायला मासाच पोचणार नाही.

पण या आक्षेपाचा निष्कर्ष ‘म्हणून ओंडके टाकू नका’ असा निघत नाही. मोरी उघडली आणि वर उघडा खडक असेल तर चढून आलेल्या मादीची पिल्ले पहिल्या पुरात वाहून जातील. क्रम महत्त्वाचा: आधी वाट आणि पाणी, मग गाळाचा उगम, मग आडोसा, आणि सोबत काठावर झाडे. हेही कबूल करायला हवे की आज होणारी बरीच कामे परिणाम दिसण्याइतकी मोठीच नसतात. वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याला मिळणाऱ्या खोऱ्यांसाठी २०१० मध्ये झालेल्या गणितानुसार, समुद्राकडे जाणाऱ्या पिल्लांत २५ टक्के वाढ, म्हणजे मोजणीत ओळखू येईल इतकी किमान वाढ, दिसायला खोऱ्यातला सुमारे २० टक्के अधिवास सुधारावा लागतो. पन्नास किलोमीटरच्या ओढ्यात अर्धा किलोमीटर सुधारून फरक शोधणे व्यर्थ आहे.

आणि शोधतो तरी कोण? अमेरिकेतल्या नदी-सुधारणेच्या ३७,०९९ प्रकल्पांच्या नोंदी २००५ मध्ये तपासल्या गेल्या तेव्हा फक्त १० टक्क्यांत कसल्या तरी मूल्यमापनाचा उल्लेख सापडला. मोजणे कष्टाचे आहे हे खरे. हिवाळ्यात दिवसा पाण्यात उतरून पाहिले तर पिल्ले दिसतच नाहीत, ती दडलेली असतात. रात्री पाहावे लागते. शरदात साधारण ६५ मिलिमीटरहून मोठ्या पिल्लांच्या पोटात १२ मिलिमीटरचा काचेचा पिट टॅग, म्हणजे प्रत्येक पिल्लाचा वेगळा क्रमांक असलेली इलेक्ट्रॉनिक खूण, घालायचा आणि तो क्रमांक वाचणारी अँटेना मुखाशी ठेवायची, म्हणजे हिवाळ्यात किती तगली ते कळते. फिरत्या सापळ्यात सगळी पिल्ले येत नाहीत. म्हणून पकडलेल्यांपैकी पाचशेंना खूण करून वर सोडायचे, त्यांतली शंभर परत सापडली तर सापळा पाचातले एक पकडतो असे धरून हिशेब करायचा. काही कोहो शरदातच खाली उतरतात आणि खालच्या पाणथळीत हिवाळा काढतात, म्हणून अँटेना फक्त वसंतात चालू ठेवली तर ओढा आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. प्रत्येक छोट्या कामामागे एवढे शक्य नाही आणि गरजही नाही. काही खोरी निवडून तिथे पूर्ण ताकदीने काम करावे, जोडीला हात न लावलेले खोरे ठेवावे आणि कामाआधी व नंतर वर्षानुवर्षे मोजावे. अशी निवडक खोरी वॉशिंग्टन आणि ऑरेगॉनमध्ये आहेत, आणि ओंडक्यांच्या निधीतून सर्वांत आधी त्यांचा खर्च बाजूला काढला पाहिजे. कोहो बहुधा तिसऱ्या वर्षी परततो, त्यामुळे एका ओढ्यात तीन जवळजवळ स्वतंत्र वंशमालिका नांदतात. पैसे नाहीत म्हणून एका वसंतात सापळा लावला नाही, तर त्यांतल्या एका मालिकेबद्दल पुन्हा काही कळायला तीन वर्षे थांबावे लागते.